हिवाळ्यातली भुलाबाई

मोठ्या आईच्या राज्यात दोनच कायदे होते, आणि ते सरकारी कायद्यांपेक्षा कडक होते. पहिला असा, की कोजागिरी झाली, भुलाबाई तळ्यात गेली, की तिचं एकही गाणं तोंडातून निघता कामा नये. दुसरा असा, की खिरापतीचा डबा कोणीतरी बरोबर ओळखल्याशिवाय त्याचं झाकण उघडायचं नाही, मग रात्र का होईना. मी एकदा दिवाळीच्या फराळाची भांडी घासताना नकळत एक चाल गुणगुणले, तर चकलीचा सोऱ्या हातात धरून ती मोरीच्या दारात उभी. "ते सासरी गेली नं वं? आता काहून हाका मारून राहिली तिले? तिले तिकडे कामधंदा नाही काय?" म्हणाली. पुढच्या भाद्रपदापर्यंत माझ्या जिभेला त्या चाली शिवल्या नाहीत.

मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. दोन्ही भावांची बिऱ्हाडं रायपूरच्या पुरानी बस्तीत एकाच घरात राहत होती. मोठे बाबा सदर बाजारातल्या कापडाच्या दुकानात गादीवर बसत, माझे बाबा सरकारी कचेरीत होते, आणि घर मात्र मोठी आई चालवी. सकाळी समोरच्या देवळातली घंटा, बोअरिंगच्या हातपंपाचा कण्हण्याचा आवाज आणि मोठ्या आईचं तव्यावर चीला उलटणं ही तिन्ही एकदमच सुरू होत. तांदळाच्या पिठाचा चीला आणि टमाट्याची झणझणीत चटणी हा आमचा रोजचा नाश्ता. रविवारी मात्र पातोडीचा रस्सा, इतका तिखट की मोठे बाबा प्रत्येक घासाला नाक पुसत आणि तरी वाटी पुढे करत. एका चुलीवर छत्तीसगढ आणि वऱ्हाड असं दोन्ही शिजत होतं आणि त्यात काही वेगळं आहे हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. आमचे कोणी पूर्वज भोसल्यांच्या वेळी इकडे आले असं म्हणत. त्यापलीकडे कोणाला काही ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक करून घ्यायची गरजही वाटत नव्हती.

मोठ्या आईचं माहेर तात्यापाऱ्यात; आमच्याकडे मोहल्ल्याला पारा म्हणतात. रिक्षावाल्याची विडी संपायच्या आत सासरहून माहेर येई. नागपूरच्या पलीकडे ती जन्मात कधी गेली नव्हती, आणि नागपूरलाही लग्नकार्यापुरतीच, तेही तिथलं पाणी पचत नाही म्हणत तिसऱ्या दिवशी परत. पुण्याकडचे कोणी नातेवाईक आले की आमचं "करून राहिलो", "जाऊन राहिलो" ऐकून तोंडाला पदर लावून हसत. तेव्हा मोठी आई त्यांच्या ताटात मुद्दाम जास्तीचं तिखट वाढी. हसण्याची शिक्षा त्यांना रात्रीपर्यंत पुरत असे.

आता भुलाबाई म्हणजे काय, ते न सांगता पुढे जाता येणार नाही. पार्वती महिनाभर माहेरी येते, ती भुलाबाई, आणि तिच्यासोबत येतो तो भुलोजी. भाद्रपदाच्या पुनवेला मातीची जोडी बसवायची, रोज संध्याकाळी पोरीबाळींनी जमून टाळ्या-टिपऱ्यांवर गाणी म्हणायची, आणि शेवटी खिरापत. खिरापत म्हणजे त्या दिवशीचा खाऊ, पण बंद डब्यात. ज्या घरची खिरापत त्या घरच्या बाईने डबा कानाजवळ धरून वाजवायचा आणि बाकीच्यांनी आवाजावरून ओळखायचं. शेव कशी सरसरते, शेंगदाणे कसे टपटपतात, लाडू कसा एकच एक धपकन आदळतो, हे आम्ही शाळेतल्या पाढ्यांच्या आधी शिकलो.

डबा ओळखण्यात अख्ख्या पाऱ्यात दुलारी मावशीचा हात कोणी धरला नाही. ती समोरच्या घरात राहणारी, चार पिढ्यांची इथलीच छत्तीसगढी बाई, आणि मोठ्या आईची भोजली. भोजली हे काही तिचं नाव नव्हे. राखीच्या दुसऱ्या दिवशी टोपलीत उगवलेल्या गव्हाच्या पिवळ्या रोपांची देवाणघेवाण करायची, ती एकमेकींच्या कानामागे खोवायची, आणि मग जन्मभर एकमेकींचं नाव घ्यायचं नाही, "भोजली" म्हणूनच हाक मारायची. या दोघींनी लहानपणीच कानामागे ती रोपं खोवली होती. कारण मोठी आई माहेरी असतानाही पुरानी बस्तीतल्या आपल्या सख्ख्या मावशीकडेच अर्धी वाढली होती. मी दुलारी मावशीच्या तोंडून मोठ्या आईचं नाव कधी ऐकलं नाही, आणि मोठ्या आईच्या तोंडून तिचं. दिवाळीच्या आधी दुलारी मावशी आपल्या बायका घेऊन सुआ, म्हणजे पोपटाचा नाच, नाचायला निघे, टोपलीत धान आणि धानावर मातीचा पोपट. तो पोपट आणि आमची भुलाबाई एकाच कुंभाराच्या हातची, एकाच खड्ड्यातल्या मातीची. रंग तेवढे वेगळे.

हे सगळं असं चाललं असताना एके दिवशी छत्तीसगढचं वेगळं राज्य झालं आणि आमचं गाव राजधानी झालं. गावाला राजधानी होताना पाहणं म्हणजे घरातल्या साध्या माणसाला अचानक नवरदेव करून घोड्यावर बसवलेलं पाहण्यासारखं. रस्त्यांना पांढऱ्या पट्ट्या आल्या, लाल दिव्याच्या गाड्या आल्या, भाडी वाढली, दुकानांच्या पाट्यांवर गावाच्या नावाआधी "राजधानी" लागलं. बाबांच्या कचेरीत भोपाळहून आलेले साहेब खुर्च्यांवर बसले आणि बाबा ज्या टेबलावर इतकी वर्षं बसत, ते दारापाशी सरकलं. आनंद आम्हालाही झाला होता, खोटं कशाला बोलू? मोठ्या आईने त्या दिवशी दारात रांगोळी काढून मधोमध पणती ठेवली होती आणि गल्लीभर गुळाचा चहा पाजला होता. पण त्याबरोबर एक नवा प्रश्नही गावात आला. दुकानात, बसमध्ये, कॉलेजच्या पहिल्याच दिवशी, कोणीही अगदी गोड आवाजात विचारी, "आप लोग वैसे कहाँ के हो?" त्या "वैसे"चा मला इतका राग येई, की अजूनही तो शब्द कानावर पडला की मी वळून बघते. आधी हा प्रश्न आम्हाला कोणी विचारला नव्हता. विचारणारे बहुतेक सगळे नुकतेच ट्रक भरून सामान घेऊन आलेले असत.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात बातमी आली की तलावाजवळच्या मैदानावर रोषणाईचा आणि कलांचा मोठा मेळा भरणार, सगळ्यांना फुकट. आमच्या गल्लीत त्याला "लाइटवाला मेला" म्हणत. सदर बाजारापासून मैदानापर्यंत वायरी ओढल्या गेल्या, झाडांच्या बुंध्यांना बारीक दिव्यांच्या माळा गच्च आवळल्या. पिंपळावरच्या बगळ्यांनी दोन संध्याकाळी ओरडून पाहिलं आणि मग दुसरीकडे गेले. मेळ्यात नाचायला सुआचे संघ हवे होते, म्हणून एक गृहस्थ दुलारी मावशीकडे आले. गडद निळा कोट, त्यावर शाल, बोलणं एकदम मऊ. दिल्लीकडून आले होते आणि सगळा मेळा त्यांच्याच हाती होता. आम्ही घरात त्यांना कोटवाले म्हणत असू. दुलारी मावशीनेच त्यांना हाताला धरून समोरच्या दारात आणलं आणि सांगितलं, माझ्या भोजलीची भुलाबाई पण बघा, ती नाही तर मेळा अर्धा.

मोठ्या आईने त्यांना चहा दिला, भुलाबाईची गोष्ट सांगितली, खिरापतीचा डबा वाजवून दाखवला. त्यांना तो खेळ फारच आवडला. लोकांना खेळवणारं असंच काहीतरी आपल्याला हवं होतं म्हणाले. तेव्हा मोठ्या आईने आपण होऊन, स्वच्छ हिंदीत, मी तिथे चहाचा ट्रे धरून उभी असताना सांगितलं, "हम लोग यहीं के हैं साहब. जनम यहीं, ब्याह यहीं." कोटवाले म्हणाले, "जी, जी. असली चीज़ है, अपने शहर की." हे वाक्य मी मुद्दाम इथे लिहून ठेवते आहे, कारण पुढे जे झालं ते न कळल्यामुळे झालं असं कोणी म्हणू नये. त्यांना सांगितलं होतं.

"अपने शहर की" हे तीन शब्द मोठ्या आईच्या डोक्यात जाऊन बसले. पण अडचण होती ती तिच्या स्वतःच्या कायद्याची. भुलाबाई सासरी गेलेली, पौष महिना, आणि गाणी म्हणायची कशी? बाबा सरळ नको म्हणाले. माझी आई म्हणाली, दुसरी काही गाणी म्हणा, भजन म्हणा. मोठी आई दोन दिवस पंचांग चाळत बसली. वरणात मीठ दोनदा पडलं. मोठे बाबा काही न बोलता ते वरण जेवले, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती कुंभाराकडे जाऊन जोडी सांगून आली. संध्याकाळी देवापुढे दिवा लावून तिने भुलाबाईशी बोलून घेतलं. मी दाराआडून ऐकलं. "माय, तुले अवेळी बोलावून राहिली, रागावू नको. गावानं पहिल्यांदा आपल्याले बोलावलं. आपलं म्हणून बोलावलं. एक डाव ये." एवढं बोलून ती उठली आणि आईला म्हणाली, उद्यापासून तालीम.

तिने त्या एका संध्याकाळसाठी काय मोडलं होतं, हे बाहेरच्या माणसाला कळणं कठीण आहे. जिने आयुष्यात अमावास्येला केसांना पाणी लावलं नाही, तिने गावासाठी देवीचं वेळापत्रक बदललं. आठवडाभर आमच्या घरात हिवाळ्यात भाद्रपद आला. शेजारपाजारच्या तीन-चार मराठी बायका, आई, मी, दुपारच्या उन्हात अंगणात गोल करून टाळ्या वाजवत असू. दुलारी मावशी दारात बोरं खात बसे आणि ताल चुकला की बोराची बी फेकून मारी. मोठ्या आईने गाण्यात आपल्या पदरच्या नव्या ओळीही घातल्या. तिची भुलाबाई सदर बाजारात बांगड्या भरायची, तात्यापाऱ्यात रुसून बसायची आणि तळ्याच्या काठी पाय धुवायची.

खिरापत काय करायची, हे मात्र तिने कोणाला सांगितलं नाही. मला कळलं, कारण मळणारे हात माझे होते. तिने खुरमी केली. गव्हाचं जाडसर पीठ, थोडं तांदळाचं, गुळाचं पाणी, तीळ, खोबऱ्याचे तुकडे, तुपाचं मोहन. मुठीत दाबून सुपावर ठसा उठवायचा आणि मंद आचेवर लाल होईपर्यंत तळायचं. तीजाला, म्हणजे हरतालिकेला, आणि पोळ्याला रायपुरात असं घर नाही की जिथे खुरमी होत नाही. तिला ती दुलारी मावशीच्या आईने शिकवली होती. मी म्हटलं, मोठी आई, हे तर सगळेच ओळखतील, मजा काय? ती म्हणाली, "ओळखलीच पाहिजे नं बाप्पा. गावातल्या लोकायनं गावातली वस्तू ओळखावं, त्यातच तं मजा हाय." मग पितळेच्या डब्यात खुरम्या भरून तिने वर फडकं बांधलं.

मेळ्याच्या संध्याकाळी आम्ही चालतच निघालो. मोठ्या आईच्या डोक्यावर सुपात भुलाबाई-भुलोजी, शेजारी दुलारी मावशीच्या डोक्यावर पोपटाची टोपली. थंडी होती, पण सदर बाजार माणसांनी उबदार झाला होता. डोक्यावर दिव्यांचं छत, सोनारांच्या दुकानांच्या काचांत ते दिवे पुन्हा दिसत होते, आणि मी कबूल करते, मला ते फार सुंदर वाटलं. ओळखीचे दुकानदार हात जोडत होते, भाभीजी, कुठे निघालात, म्हणून विचारत होते, आणि मोठी आई मान न हलवता, सूप सांभाळत, "स्टेज पर," असं ऐटीत सांगत होती.

मैदानाच्या फाटकाशी दोरी होती. दोरीच्या एका बाजूच्या मांडवावर पाटी होती "अपनी माटी", दुसऱ्या बाजूच्या मांडवावर "अतिथि राज्य". फाटकावरच्या माणसाने दुलारी मावशीला अपनी माटीकडे पाठवलं आणि आम्हाला दुसरीकडे वळवलं. मोठ्या आईला वाटलं गर्दीत चूक झाली. तिने त्याला समजावलं, त्याने नम्रपणे मान डोलावली आणि पुन्हा तिकडेच हात केला, वरून तसंच ठरलंय म्हणाला. आत गेल्यावर एका चुणचुणीत मुलीने आम्हाला टिळा लावला, पदराला "अतिथि" लिहिलेला गुलाबी बिल्ला टोचला आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "छत्तीसगढ़ में आपका स्वागत है." मोठ्या आईने तिला विचारलं, बेटी, तू कोणत्या पाऱ्याची? ती म्हणाली, पापांची भोपाळहून बदली झाली, आम्ही मागच्या वर्षीच आलो. माझ्या आईने मोठ्या आईचा दंड धरून तिला पुढे नेलं.

दुलारी मावशीचा सुआ आधी झाला. टोपलीतला पोपट मधे, भोवती बायका, त्या टाळ्यांनी मैदान डोलायला लागलं. मग कोटवाले आमच्याकडे आले, सगळ्यांकडे निरखून पाहिलं आणि जरा नाराज झाले. ती नऊ वारी साडी नाही नेसलात? मोठी आई म्हणाली, ती माझी आजेसासू नेसत होती. त्यांना तो विनोद वाटला, ते हसले आणि माइककडे गेले. आणि मग त्या एवढ्या मैदानाला, आमच्या ओळखीच्या-अनोळखी सगळ्या माणसांना, त्यांनी आपल्या मऊ आवाजात सांगितलं, की आता महाराष्ट्राच्या भूमीतून खास आपल्यासाठी आलेल्या पाहुण्या भगिनी आपल्या प्रांताची लोककला सादर करतील, त्यांचं टाळ्यांनी स्वागत करा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेत आमच्या गल्लीच्या टोकाचा शिंपी होता, ज्याने माझे शाळेचे सगळे फ्रॉक शिवले. तोही वाजवत होता.

मला वाटलं मोठी आई आता परत फिरेल. मी तिच्याकडे पाहिलं. तिचे ओठ पांढरे पडले होते. पण भुलाबाई स्टेजवर पाटावर बसलेली होती, आणि बसवलेल्या भुलाबाईला गाण्याशिवाय उठवत नाहीत. ती पुटपुटली, "हिचा काय दोष? म्हणा पोरी हो." आम्ही म्हटलं. कसं म्हटलं ते मला आठवत नाही. सदर बाजारच्या बांगड्यांची ओळ आली तेव्हा कोणी हसलं नाही, कारण मराठी फार थोड्यांना कळत होती आणि सदर बाजार हे नाव महाराष्ट्राच्या गाण्यात कशाला येईल, असं वाटून ते कोणाच्या कानात शिरलंच नसावं.

मग खिरापत. मोठ्या आईने डबा उचलला, माइकजवळ धरला आणि वाजवला. खुरमीचा आवाज जड असतो, कोरडा, खडबडीत. तो त्या भोंग्यांतून मैदानभर गेला. कोटवाल्यांनी खेळ समजावून सांगितला आणि लोक ओरडायला लागले. पूरनपोली. मोदक. श्रीखंड. वडा पाव. जोरजोरात, हौसेने, जणू परीक्षेत उत्तर येतंय. मोठी आई पुन्हा वाजवते, आणि पुन्हा पूरनपोली. तिने शिंप्याकडे पाहिलं, त्याने श्रीखंड म्हटलं. श्रीखंड! ज्याच्या घरी दर पोळ्याला सुपावर खुरम्या वळल्या जातात तो माणूस! कान तेच होते, आवाज तोच होता, पण माइकवरच्या एका माणसाने सांगितलं की या बाया परक्या, आणि सगळ्या गावाला स्वतःच्या घरातला आवाज ऐकू येईना. याचा मला त्या कोटवाल्यापेक्षा जास्त राग आला आणि अजून आहे.

मोठी आई माइकमध्ये एवढंच म्हणाली, "पूरनपोली डिब्बे में बजती है क्या?" आणि तिसऱ्यांदा डबा वाजवला. तेव्हा दोरीच्या पलीकडून, अपनी माटीच्या मांडवातून, ओळखीचा खर्जातला आवाज आला. "खुरमी आय, भोजली. खुरमी आय."

मोठ्या आईने फडकं सोडलं, झाकण उघडलं आणि डबा तिरका करून सगळ्यांना दाखवला. मला वाटलं, आता कळेल. आता तरी कळेल. कोटवाले पुढे वाकले, एक खुरमी उचलली आणि आनंदाने माइकवर म्हणाले, "अरे वाह! महाराष्ट्र में भी खुरमी बनती है!"

मोठ्या आईने त्यांच्या हातातून माइक घेतला. हिसकावला नाही, पोराच्या हातातून चाकू काढून घेतात तसा घेतला. आणि छत्तीसगढीत म्हणाली, "महाराष्ट्र म का बनथे, मैं नइ जानंव. मैं उहाँ कभू रहे नइ अंव." महाराष्ट्रात काय बनतं मला ठाऊक नाही, मी तिथे कधी राहिलेच नाही. याहून साफ कोणी काय सांगावं? कोटवाल्यांनी हसून माइक परत घेतला आणि लोकांना म्हणाले, पाहिलंत, आपल्या अतिथी किती सुंदर छत्तीसगढी शिकून आल्या आहेत, जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या. आणि टाळ्या झाल्या. त्या संध्याकाळची सर्वांत मोठी टाळी तीच होती.

मी आता पुष्कळ जग पाहिलं आहे. शिवी खाल्ली तर शिवी देता येते, धक्का मारला तर धक्का मारता येतो. पण जो माणूस तुमचं खरं ऐकतो आणि त्याचंच कौतुक करून तुम्हाला पुन्हा दाराबाहेर उभं करतो, त्याचं काय करायचं? ते गृहस्थ वाईट नव्हते, असं बाबा नंतर म्हणायचे. असतील चांगले. मला त्यांच्या चांगुलपणाशी काही घेणं नाही.

स्टेजवरून उतरताना शाल आणि नारळ मिळाले. मोठ्या आईने शाल त्या टिळेवाल्या मुलीच्या खांद्यावर टाकली, थंडी आहे म्हणाली. कोटवाल्यांनी मूर्ती अतिथी राज्याच्या दालनात ठेवायला मागितल्या, तिने सूप उचलून डोक्यावर घेतलं आणि चालायला लागली. दोरीपाशी दुलारी मावशी उभी होती. मोठ्या आईने दोरीवरून अख्खा डबा तिच्या हातात दिला. जिने ओळखलं, तिची खिरापत. दुलारी मावशीने आधी तिच्या पदरावरचा गुलाबी बिल्ला उपटला, मग डबा घेतला, आणि दोरी उचलून सरळ आमच्या बाजूला आली. तिला अडवणाऱ्या माणसाला तिने छत्तीसगढीत जे सांगितलं ते मी इथे लिहू शकत नाही.

फाटकाबाहेर एक जीप उभी होती. चालक चांगला वयस्क, मफलर बांधलेला. त्याने आमच्याकडे पाहून दार उघडलं आणि म्हणाला, पाहुण्या कलाकारांना टेसनवर सोडायला सांगितलंय, नागपूरची गाडी आहे नं तुमची. आई कसनुसं हसली. मी रडायच्या बेतात होते. मोठी आई डोक्यावरचं सूप दोन्ही हातांनी धरून त्याच्यासमोर उभी राहिली. ती आपल्या बोलीत बोलली, मराठीत, आणि तो इथलाच असल्यामुळे त्याला ते सगळं समजलं.

"टेशनवर माझं कोन हाय, भैया? मले घ्यायले तिथं कोनी आलं नाही अन् सोडायले कोनी गेलं नाही. मी तं कुठून आलीच नाही."

त्याने हळूच दार लावून घेतलं. आम्ही चालत घरी आलो, त्याच दिव्यांखालून. दुकानदारांनी पुन्हा हात जोडले आणि कसं झालं म्हणून विचारलं. या वेळी मोठी आई थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिने भुलाबाईला तळ्यात सोडलं. आमच्या दोघींशिवाय कोणी नव्हतं. माळांचे दिवे विझलेले होते, झाडांना नुसत्या वायरी लटकत होत्या. पाण्यात उतरून ती मूर्तीला म्हणाली, "तुलेही फुकटची पाहुणी केली माय त्यायनं. माफ कर." ती रडली. मी तिला त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं, मोठे बाबा गेले तेव्हा पुढे पाहिलं तेवढंच.

पुढच्या भाद्रपदात भुलाबाई आली, वेळेवर. त्यानंतर मोठी आई होती तोवर कोजागिरीच्या दिवशीची आमच्या घरची खिरापत दरवर्षी खुरमीच असे. सगळ्या पाऱ्याला ठाऊक असे, तरी ती डबा वाजवी, आणि ओळखायला लावी, आणि सगळ्यांनी एका आवाजात नाव घेतल्याशिवाय झाकणाला हात लावत नसे. लाइटवाल्या मेळ्याला ती पुन्हा गेली नाही. दोन वर्षं बोलावणी आली, तीही महाराष्ट्राच्या दलासाठी.

आता मी नव्या रायपुरात राहते. रुंद रस्ते, मोठे चौक, आणि संध्याकाळी बसची वाट बघत बसलं तर केस पिकून जातील, तसे ते पिकलेही आहेत. परवा समोरच्या फ्लॅटमध्ये नवीन बाई आल्या. चांगल्या आहेत, हसऱ्या आहेत. माझं फोनवरचं बोलणं ऐकून दारातूनच म्हणाल्या, "आप लोग वैसे महाराष्ट्र के हो ना?" मी आत गेले, मोठ्या आईचा खुरम्यांनी भरलेला पितळेचा डबा आणला, त्यांच्या कानाजवळ धरला आणि वाजवला. ओळखा म्हटलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, पुन्हा वाजवायला लावला, आणि अगदी विचार करून म्हणाल्या, "पूरनपोली?"

मी झाकण उघडलं नाही.